एकच पाणी, तीन चोपड्या : हडपसरच्या भूजलाविषयीच्या लेखनाची तपासणी

आमच्या घराण्याची विहीर मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला होती. कालव्याला आवर्तन सुटले की आठ-दहा दिवसांत विहिरीच्या दगडी पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात आणि आवर्तन बंद झाले की त्याच क्रमाने पुन्हा उघड्या पडत. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, उसाला पंप किती तास चालवायचा हे पायऱ्या मोजून ठरवत. "कॅनॉल आला की हिर चढती," एवढेच त्यांचे भूजलशास्त्र. ते चौथीपर्यंत शिकले होते.

मी त्यांच्यापेक्षा बराच अधिक शिकलो, पण भूजलाचा पदवीधर नाही. वीसेक वर्षे एका कारखान्याच्या भांडारात मालाची आवक-जावक लिहिली आणि उरलेल्या वेळात हडपसरच्या पाण्याविषयी जे छापील हाती लागेल ते वाचत गेलो. जुने गॅझेटियर, पाटबंधारे खात्याच्या टिपणी, भूजल यंत्रणेचे अहवाल, विद्यापीठातल्या मंडळींचे इंग्रजी निबंध, पूररेषांचे नकाशे. भांडारात एक साधा नियम असतो. एका रजिस्टरात जी वस्तू खर्ची पडली ती दुसऱ्या रजिस्टरात जमा दिसली पाहिजे आणि दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर माल चोरीला गेला आहे किंवा कोणीतरी चुकीचे लिहिले आहे. या लेखात मी हाच नियम पाण्याविषयीच्या लेखनाला लावून पाहिला आहे. त्यापलीकडे माझ्याकडे दुसरी पद्धत नाही.

आधी जागा समजून घेऊ. हडपसरच्या उत्तरेला मुळा-मुठा. दक्षिणेला उंड्री, पिसोळी, वडकीकडे चढत जाणारी जमीन आणि पुढे दिवेघाट. ज्ञानोबांची पालखी ज्या रस्त्याने सासवडला जाते तो रस्ता हा चढ चढतो. डोंगर आणि नदी यांच्या मधून, उतार आडवा कापत कालवा जातो. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि त्याच्या उजव्या कालव्याने हडपसर, मांजरी, लोणी हा पट्टा बागायती केला. पानशेत फुटल्यानंतर धरणाची पुनर्बांधणी झाली, वरच्या पातळीवरून नवा उजवा कालवा निघाला, तो सुमारे २०० किलोमीटर जाऊन इंदापूर तालुक्यात पोचतो. जुना कालवा काही भागात मागे उरला. त्याला आता लोक बेबी कॅनॉल म्हणतात. तेव्हा हडपसरकराच्या पायाखाली जे पाणी आहे त्यात पाऊस आहे, डोंगरावरून मुरत आलेले पाणी आहे आणि जवळजवळ दीडशे वर्षे कालव्यातून झिरपलेले पाणीही आहे. ही तिन्ही पाणी विहिरीत वेगवेगळी ओळखू येत नाहीत. कागदावर मात्र त्यांची खाती, माणसे आणि भाषा वेगळी आहे.

या पाण्याविषयी मराठीत पहिले गंभीर लेखन कोणी केले, असे मला विचारले तर मी जोतीराव फुल्यांचे नाव घेईन. त्यांचा या भागाशी संबंध नुसता वाचनाचा नव्हता. मांजरीजवळ जमीन घेऊन त्यांनी कालव्याच्या पाण्यावर स्वतः शेती केली होती. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ साली पुरा केला, म्हणजे धरण होऊन चारच वर्षे झाली होती. या पुस्तकाची चर्चा आपल्याकडे भट-कामगार, सारा आणि सावकार यांच्याभोवती फिरते. ती रास्तच आहे. पण शेवटच्या भागातल्या पाण्याच्या सूचना एकत्र वाचाव्यात. डोंगरउतारावर तालीवजा बांध असे घालावेत की पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्यानाल्याला जाईल, ही एक सूचना. सरकारने पाणाड्यांकडून जमिनी तपासून घ्याव्यात आणि जिथे निदान एका मोटेचे पाणी लागेल अशा जागा गावाच्या नकाशावर दाखवाव्यात, ही दुसरी. कालव्याच्या पाण्यात प्रत्येक शेतकऱ्याचा वाटा ठरवून तशी तोटी बसवून द्यावी, ही तिसरी. आजच्या भाषेत सांगायचे तर पुनर्भरण, भूजलाचा नकाशा आणि मोजून पाणी. पूर आणि भूजल हे एकाच पाण्याचे दोन व्यवहार आहेत ही समजूत पहिल्या सूचनेत मुरलेली आहे. जे पाणी आधी मुरते ते ओढ्याला सावकाश जाते आणि जे मुरत नाही ते एकदम जाते.

त्याच काळातले पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ साली तीन भागांत निघाले. त्याच्या मेहनतीबद्दल आदर बाळगूनही सांगतो, की मुठा कालव्याविषयीच्या त्यातल्या मजकुराचा भर बांधकाम, खर्च, भिजणारे क्षेत्र आणि वसुली यांवर आहे. लिहिणारा धरणाच्या भिंतीवर उभा राहून खाली पाहतो आहे. फुले विहिरीच्या काठावर उभे राहून लिहितात. दोघांपैकी चूक कोणीच नाही, पण पुढच्या शंभर वर्षांत सरकारी पाणीलेखनाने भिंतीवरचीच जागा धरली. त्याचा परिणाम आपण अजून भोगतो.

या गोष्टीत एक वळण असे आहे की ते हडपसरमध्येही फारसे कोणाला ठाऊक नाही. दख्खनच्या कालव्यांखाली, विशेषतः १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखाली, काही दशकांत जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. कालव्याचे पाणी मुरत होते, पातळी वर येत होती, क्षार पृष्ठभागावर जमत होते. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अशा प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. १९२० च्या सुमारास त्याची छोटी प्रयोगशाळा हडपसरला कालव्यावर सुरू झाली. क्लॉड इंग्लिस हे त्यातले मोठे नाव. १९२५ मध्ये, अधिक पाणी मिळावे म्हणून, ती खडकवासल्याला गेली आणि तिचीच पुढे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. आज नद्या, बंदरे, धरणे यांच्या प्रतिकृतींसाठी ही संस्था देशभर ओळखली जाते.

मला या इतिहासातली चुटपुट वेगळी वाटते. या संस्थेच्या जन्मामागे 'कालव्याचे पाणी जमिनीखाली जाऊन काय करते' हा प्रश्न होता. म्हणजे तात्यांचाच प्रश्न, उलट्या बाजूने. तात्यांना विहीर चढल्याचा आनंद होता, नीरेच्या शेतकऱ्याला जमीन चिबडल्याचे दुःख होते. पाण्याचे वागणे मात्र एकच. तो प्रश्न हडपसरच्या कालव्याकाठी काही वर्षे राहिला आणि मग विषयांची विभागणी झाली. वाहत्या पाण्याचे एक शास्त्र झाले आणि मुरलेल्या पाण्याचे दुसरे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली ती १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, त्या पहिल्या खात्यापासून पूर्ण वेगळी.

भूजलाच्या शास्त्राने आपले काम चोख केले, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. पुणे विद्यापीठातल्या देवळाणकरांचा दख्खनच्या बसाल्टवरचा निबंध १९८० साली भूजलविषयक एका अमेरिकी नियतकालिकात आला. निरनिराळे थर किती पाणी धरतात आणि किती सोडतात याचा विचार त्यात आहे. पुढे हिमांशु कुलकर्णी, देवळाणकर आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच खडकातल्या भूजलव्यवस्थेची चौकट मांडणारा निबंध लिहिला. सामान्य वाचकासाठी त्याचा सारांश असा. आपला खडक म्हणजे एकसंध काळा पाषाण नव्हे. लाव्हाचे थर एकावर एक आहेत. त्यातला घट्ट काळा थर, त्याला भेगा नसतील तर, पाणी जवळपास घेतच नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा पोकळ्यांचा थर, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात, तो झिजलेला असेल तर पाणी धरतो आणि वाहूही देतो. मध्ये कुठे लाल मातीचा पातळ पट्टा असतो. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला बारमाही पाणी आणि दोन बांध ओलांडून दुसरी कोरडी, हे नशिबाचे काम नसून थरांचे आहे. (मांजरी गाव आणि मांजऱ्या खडक यांचा संबंध लावण्याचा मोह मला प्रत्येक वेळी होतो. पुरावा नाही, म्हणून आवरतो.)

हे सगळे ज्ञान पुण्यात, हडपसरपासून फार तर पंधरा किलोमीटरवर तयार झाले आणि इंग्रजीत छापले गेले. तात्या ज्या वडार मंडळींकडून विहीर खोल करून घेत, त्यांना मांजऱ्या आणि काळाथर हे शब्द आधीच येत होते. त्यांच्या शब्दांची आणि निबंधांची गाठ मराठी पुस्तकात पडली असती तर पुढच्या काळात बोअर मारणाऱ्यांचा धंदा इतका आंधळा राहिला नसता, असे मला वाटते. भूजल यंत्रणेच्या मराठीने 'जलधर' हा शब्द दिला. चांगला शब्द आहे. ढगालाही आपण जलधर म्हणतो, त्यामुळे वर आणि खाली एकच नाव झाले. पण त्याच मराठीने 'अंशतः शोषित', 'शोषित', 'अतिशोषित' असे वर्गही दिले, आणि तिथे मला अडखळायला होते. उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. आकड्याला हरकत नाही. पण 'शोषित' म्हटल्यावर शोषक कोण, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात आपोआप येतो आणि उत्तर म्हणून विहीरवाला शेतकरी समोर उभा राहतो. भरणाच्या बाजूला काय झाले, कोणी डांबर टाकले, कोणी ओढा पाइपात घातला, ते त्या शब्दात मावत नाही. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक असतो. वरचा आकडा न वाढताही खालचा घटला तर टक्के वाढतात.

आता माझ्या तपासणीचा मुख्य भाग.

पाटबंधारे खात्याच्या चोपडीत कालव्यातून मुरलेल्या पाण्याला 'गळती' म्हणतात, शास्त्रशुद्ध लिहायचे असेल तर 'वहनव्यय'. भूजलाच्या चोपडीत त्याच पाण्याला 'कालव्यापासूनचे पुनर्भरण' म्हणतात आणि ते जमेच्या बाजूला लिहितात. भूजल अंदाज समितीच्या २०१५ च्या कार्यपद्धतीत, जी देशभर वापरतात, त्याचे दरही ठरवून दिले आहेत. अस्तर नसलेला कालवा साधारण चिकणवाळू मातीतून जात असेल तर ओल्या पृष्ठभागाच्या दर दशलक्ष चौरस मीटरमागे सेकंदाला १.८ ते २.५ घनमीटर. अस्तर असेल तर याच्या २० टक्के.

दुसरीकडे, खडकवासला ते फुरसुंगी हा सुमारे २८ किलोमीटरचा कालवा बंद करून त्याऐवजी बोगद्यातून पाणी न्यायचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे. खर्च दोन हजार कोटींच्या पुढे. गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी थांबून दोन ते अडीच टीएमसी पाणी वाचेल, असे त्याचे समर्थन वर्तमानपत्रांतून सतत आले आहे. हे पाणी थोडे नव्हे. खुद्द खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. म्हणजे २८ किलोमीटरमध्ये दर वर्षी एक अख्खे खडकवासला धरण हरवते, असा त्या विधानाचा अर्थ होतो.

मी भांडारातला जुना माणूस, म्हणून दोन चोपड्या शेजारी ठेवल्या. कालव्याचा ओला परीघ सगळीकडे सारखा नाही. मी सढळपणे १५ मीटर धरला. २८ किलोमीटरला ४ लाख २० हजार चौरस मीटर होतात. अस्तर अजिबात नाही असे धरले, समितीने अशा मातीसाठी दिलेला वरचा दर लावला आणि कालवा वर्षाचे ३६५ दिवस भरून वाहतो असेही मानले. तिन्ही गोष्टी खऱ्या परिस्थितीपेक्षा जास्तच आहेत. तरी सेकंदाला १.०५ घनमीटर, म्हणजे वर्षाला ३.३ कोटी घनमीटर, म्हणजे १.१७ टीएमसी पाणी मुरते. अस्तराचा दर लावला तर ०.२३ टीएमसी. बाष्पीभवन वर्षाला दोन मीटर धरले तरी ०.०३ टीएमसी, हिशेबात न दिसण्याइतके.

म्हणजे एका चोपडीत दोन-अडीच टीएमसी खर्ची पडले आहेत आणि दुसरीच्या अशा मातीसाठीच्या वरच्या दराने जास्तीत जास्त सव्वा टीएमसी जमा होऊ शकते. कालव्याला बऱ्याच भागात अस्तर आहे, जुने, ठिकठिकाणी उखडलेले. तेव्हा खरा जमेचा आकडा त्याहून बराच कमी निघेल. मधले पाणी गेले कुठे?

दोनच वाटा दिसतात. पहिली, कालवा समितीच्या दरापेक्षा कितीतरी अधिक गळतो आहे. तसे असेल तर हडपसर पट्ट्यातल्या भूजलाला कालव्याकडून मिळणारे पाणी अहवालात गृहीत धरल्याच्या कैकपट आहे आणि बोगदा झाल्यावर तेवढेच मोठे भगदाड विहिरी-बोअरांना पडणार आहे. दुसरी, गळती दराप्रमाणेच आहे आणि 'वाचणारे' बहुतेक पाणी प्रत्यक्षात उपसले जाते आहे. मग त्याला गळती म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. ते कोणाच्या तरी टाकीत, टँकरमध्ये, शेतात पोचते आहे आणि बोगद्याने ते बंद झाले की तो उपसा जमिनीखालच्या पाण्याकडे वळेल. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात: कालव्याखालच्या बोअरपाशी. माझ्या आकड्यांत चूक असू शकते, परीघ २० मीटर धरला तर कमाल आकडा दीड टीएमसीच्या आसपास जातो. तरीही दोन चोपड्या जुळत नाहीत, आणि त्या जुळवून पाहिल्याचे मी वाचलेल्या कोणत्याही कागदात दिसले नाही.

बोगद्याला माझा सरसकट विरोध नाही. उघड्या कालव्यात शहर काय काय टाकते ते मी रोज पाहतो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी घुसले, लोकांचे संसार वाहून गेले, तेही विसरलेलो नाही. (तेव्हा दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर गेला होता.) माझे म्हणणे एवढेच की 'वाचलेले पाणी' हा शब्दप्रयोग लिहिणाऱ्याने ते कोणाचे वाचले आणि कोणाचे गेले, हे त्याच पानावर लिहावे. शिवाय बोगदा बसाल्टच्या थरांतून जाणार. वाटेत मांजऱ्यासारखा पाण्याचा थर लागला तर बोगदा स्वतःच एका आडव्या विहिरीसारखा पाणी ओढू शकतो. बोगद्यांच्या कामात हा अनुभव नवा नाही.

शहराच्या भूजलाविषयी अलीकडच्या लेखनात मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'ॲक्वाडॅम' या पुण्यातल्या संस्थेचे काम. २०१९ साली त्यांनी पुण्याच्या जलधरांवर अहवाल काढला. शहराच्या खाली एकच पाण्याची टाकी नसून थरांप्रमाणे वेगवेगळे जलधर आहेत, टेकड्या आणि त्यांचे उतार ही भरणाची ठिकाणे आहेत, बावधनसारखा जिवंत झरा हा शोभेचा विषय नसून जलधराचे दार आहे, ही दृष्टी त्या मंडळींनी शहराला दिली. अहवालाच्या नावातच हे प्राथमिक निष्कर्ष आहेत असे म्हटले आहे, हा प्रामाणिकपणा आपल्याकडे दुर्मीळ आहे. माझी तक्रार त्यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांविषयी अधिक आहे. महापालिकेच्या भाषणांत 'जलधर' आला, पण विकास आराखड्यात टेकडीउताराचा रंग ठरवताना तो दिसत नाही. आणि देशभरच्या कार्यपद्धतीत तर २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराची जमीन भरणाच्या हिशेबातून वगळतात. डोंगरी मुलखाला सरासरी नियम म्हणून ते समजण्यासारखे असेल. पण थरांच्या कडा जिथे उताराला उघड्या पडतात, तिथेच पाणी आत शिरते, असे थरांचा अभ्यास सांगत असताना हा नियम पुण्याच्या टेकड्यांना डोळे मिटून लावणे मला पटत नाही.

राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा, अमलात आला २०१४ मध्ये. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला तो 'खोल विहीर' म्हणतो. हडपसरच्या सोसायट्यांमधून बोअर किती फूट गेले ते कोणाही रखवालदाराला विचारा. तो सांगेल तो आकडा आणि साठ मीटर म्हणजे सुमारे २०० फूट, एवढी तुलना पुरे.

तिसरी चोपडी पुराची. तिच्यावर थोडक्यात लिहितो, कारण तिच्यात शास्त्रापेक्षा वाचनाचा दोष अधिक आहे. नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे आपण वाचतो आणि १९६१ चा पानशेतचा पूर झाला, आता निदान २०६१ पर्यंत चिंता नाही असे मनात धरतो. (पानशेतचा पूर धरणफुटीचा होता, पावसाच्या गणितात तो बसतच नाही, हे वेगळेच.) '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुराची जवळजवळ ७० टक्के. मांजरी-मुंढव्याकडे नदीकाठच्या घराचे करारपत्र करताना हा आकडा कागदावर असता तर किती सह्या झाल्या असत्या, सांगता येत नाही.

रेषा नदीला आहेत, ओढ्यांना नावापुरत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने वीसहून अधिक माणसे घेतली. ती नदीच्या पुराची रात्र नव्हती. आमच्याकडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. कालवा उतार आडवा कापतो, म्हणून दक्षिणेकडून येणारा प्रत्येक ओहोळ कालव्याखालच्या मोरीतून पलीकडे जातो. मोऱ्या बांधल्या तेव्हा वर ज्वारीची शेते होती, पाऊस मुरत होता. आता वर उंड्री-पिसोळीपर्यंत काँक्रीट आहे, पाऊस तेवढाच पण पाणी एकदम येते आणि मोरी तेवढीच आहे. त्यामुळे कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालच्या अंगाला विहिरी खोल जातात, एकाच पावसात. हे दोन्ही एका नकाशावर काढलेले मी अजून पाहिलेले नाही. पूररेषेचा नकाशा जमिनीत डोकावत नाही आणि जलधराचा नकाशा मोरीपाशी थांबत नाही. फुल्यांची तालीवजा बांधांची सूचना या दोन नकाशांच्या मधल्या जागेसाठीच होती.

पाण्याच्या गुणवत्तेविषयी खूप लिहिण्यासारखे आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोच्या झिरप्याने नासलेल्या विहिरी वर्षानुवर्षे दाखवल्या, आंदोलने केली, टँकरचे पाणी प्यायले. त्यांच्या बाबतीत जलधराचे ज्ञान लोकांना आधी झाले आणि यंत्रणेच्या कागदात नंतर आले. आता मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी साडेसतरा नळीपाशी बेबी कॅनॉलमध्ये सोडून पुढे हवेली-दौंडच्या शेतीला दिले जाते. कल्पना वाईट नाही, तेवढे धरणाचे पाणी वाचते. पण जो कालवा गळतो तो स्वच्छ पाणी गळतो तेव्हा आणि सांडपाणी गळतो तेव्हाही गळतोच. नव्या कालव्याचे पाणी बोगद्यात गेले आणि जुन्यात सांडपाणी वाहत राहिले, तर हडपसरच्या खालच्या अंगाच्या विहिरींना कालव्याकडून मिळणारे पाणी फक्त दुसऱ्या प्रकारचे उरेल. हे कोणी ठरवून केलेले नाही. दोन प्रकल्प दोन टेबलांवर झाले, एवढेच.

यावर उपाय म्हणून मोठा अभ्यास, समिती, निधी असे मी काही मागत नाही. दोन मापने मागतो. कालव्याच्या वरच्या आणि खालच्या ठिकाणी एकाच दिवशी प्रवाह मोजावा आणि मधल्या अधिकृत उपशाचे आकडे त्यातून वजा करावेत. उरते ती गळती अधिक चोरी. मग आवर्तन बंद झाल्यापासून महिनाभर, कालव्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींत दर दोन दिवसांनी पातळी घ्यावी. कालव्यापासून जवळच्या आणि लांबच्या, उथळ आणि खोल अशा. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. राज्याच्या अंदाजाला ते पुरते. कालव्याचा श्वास मोजायला पुरत नाही, कारण आवर्तन त्या चार महिन्यांच्या मध्येच येऊन जाते. तात्या दोन दिवसांनी पायऱ्या मोजत, तेवढ्या अंतराने मोजले तरच ते दिसते.

यासाठी उघड्या विहिरी लागतात, बोअरमध्ये पंप बसलेला असला की दोर सोडता येत नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला अशा विहिरी अजून आहेत. आमची राहिलेली नाही. वाटणीनंतर ती जमीन विकली गेली, विहीर मुरूम टाकून बुजवली आणि तिथे आता एका इमारतीचे वाहनतळ आहे. त्याच्या कोपऱ्यात बोअर आहे, आणि उन्हाळ्यात टँकरही तिथेच येऊन उभा राहतो.